पथकला व पॉप कलेतील जलरंग

पथकला आणि पॉप कला या दोन्ही कलाप्रकारांत जलरंगांचा, म्हणजे पाण्यात कालवून वापरावयाच्या रंगांचा, उपयोग वेगवेगळ्या रीतींनी होतो. डिंकात बांधलेला व कागदावर लावावयाचा पारदर्शक जलरंग उघड्या भिंतीवर टिकत नाही. पहिल्या पावसात तो ओघळून जातो. म्हणून पथकलेच्या संदर्भात ही संज्ञा व्यापक अर्थाने घ्यावी लागते आणि चुना, गेरू, नीळ, सरसात कालवलेले भुकटी रंग, तांदळाच्या पिठाची पेज या साऱ्यांचा तीत समावेश होतो. पॉप कलेत मात्र जलरंग मूळ अर्थाने, कागदावरच, वापरला गेलेला आढळतो. महाराष्ट्रात चित्रकथी, वारली चित्रे, नाटकाचे पडदे, दिवाळी अंकांची मुखपृष्ठे आणि गावोगावचे भिंतीलेखन ही या वापराची प्रमुख क्षेत्रे होत. वऱ्हाडातील, विशेषतः अमरावती जिल्ह्यातील, गेरू-चुन्याची भिंतीचित्रे हे त्याचे एक दुर्लक्षित पण बोलके उदाहरण आहे.

संज्ञा

रंगद्रव्याची बारीक भुकटी ज्या पदार्थाने एकत्र राहते व पृष्ठभागाला चिकटते त्यास बंधक म्हणतात. जलरंगात हे काम बाभळीच्या कुळातील झाडांचा डिंक करतो. डिंक वाळल्यानंतरही पाण्यात पुन्हा विरघळतो. जलरंगाचे सारे सामर्थ्य व सारी दुर्बलता या एका गुणधर्मात सामावलेली आहे. याच रंगात पांढरी भुकटी वाढवून त्यास अपारदर्शक केले की गवाश किंवा शाळकरी मुलांच्या परिचयाचा पोस्टर रंग तयार होतो. बंधक म्हणून सरस वापरला तर डिस्टेंपर, आणि चुन्याच्या निवळीत रंग मिसळला तर रंगीत सफेदी. ॲक्रिलिक रंगही पाण्यातच कालवतात, परंतु वाळताना त्याचे प्लास्टिकसदृश आवरण बनते व ते पाण्याने सुटत नाही. आज शहरांतील भिंतींवर जी ‘जलरंगी’ म्हणून ओळखली जाणारी चित्रे दिसतात ती बहुधा पातळ केलेल्या ॲक्रिलिकची किंवा बाहेरच्या भिंतींसाठीच्या इमल्शनची असतात. ओघळ, डाग, एकमेकांत मिसळणाऱ्या छटा ही जलरंगाची लक्षणे त्यांत मुद्दाम आणलेली असतात.

आणखी एक भेद ध्यानात घ्यावा. रस्त्यावर बसून रस्त्याचेच चित्र जलरंगात काढणे ही निसर्गचित्रणाची परंपरा आहे. पुण्याचे मिलिंद मुळीक यांच्या चित्रांनी व पुस्तकांनी ती महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांत लोकप्रिय केली. पथकलेत चित्राचा विषय रस्ता असेलच असे नाही. चित्राचे ठिकाण रस्ता असते आणि त्याचा प्रेक्षक वाटसरू असतो.

पूर्वपरंपरा

अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रे ओल्या गिलाव्यावरची नाहीत. ती वाळलेल्या गिलाव्यावर, डिंक वा सरस यांसारख्या बंधकात कालवलेल्या रंगांनी काढलेली आहेत. म्हणजे तंत्रदृष्ट्या ती अपारदर्शक जलरंगाच्या जवळची ठरतात. ती टिकली याचे मोठे कारण वर डोंगराचे छत आहे, हे होय. अमरावती जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर, सातपुड्यात, मोर्शीपासून जवळ असलेल्या धारूळ-अंबादेवी परिसरातील शैलाश्रयांबाबतही असेच म्हणता येते. अमरावतीच्या निसर्गप्रेमी अभ्यासकांच्या गटाने २००७ मध्ये ते उजेडात आणले. तेथील गेरूची चित्रे पुढे आलेल्या कातळाच्या आडोशाने वाचली. गेरू टिकाऊच आहे. धुऊन जाते ते त्याला धरून ठेवणारे बंधक.

रस्त्यावरच्या कथाकथनासाठी जलरंग वापरण्याची महाराष्ट्रातील सर्वांत स्पष्ट परंपरा चित्रकथीची. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळील पिंगुळी येथील ठाकर समाजाचे कलावंत कागदावर रंगविलेल्या चित्रांच्या पोथ्या घेऊन रामायण-महाभारतातील आख्याने सांगत असत. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असत. कथा पुढे सरके तसे पान उलटे. सावंतवाडी संस्थानाचा या कलेला आश्रय होता. पैठण शैलीची अशीच चित्रे आज पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात पाहावयास मिळतात. ठसठशीत बाह्यरेषा, बाजूने दाखविलेले चेहरे, मोठे डोळे, सपाट लाल-पिवळे रंग: लांब बसलेल्या श्रोत्याला दिव्याच्या उजेडात पात्र ओळखू आले पाहिजे, ही गरज या शैलीमागे आहे. जाहिरातफलकाची गरजही नेमकी हीच असते. पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना या कलेसाठी २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

वारली चित्रकलेत गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाचे पीठ पाण्यात कालवून, त्यात थोडा डिंक घालून चित्र काढतात. लग्नाचा चौक सुवासिनी काढीत आणि लग्नकार्य झाल्यावर त्याच्या टिकण्याची चिंता कोणी करीत नसे. १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नाने ही चित्रे कागदावर आली व जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांचे नाव जगभर झाले. पुढे त्याच आकृत्या रेल्वे स्थानके, सरकारी कार्यालये, कपबशा आणि साड्या यांवर उमटल्या. विधीतील प्रतिमा बाजारातील प्रतिमा बनण्याचा हा प्रवास पॉप कलेच्या अभ्यासकाने अवश्य पाहावा. फरक इतकाच की येथे मूळ चित्र काढणाऱ्या स्त्रियांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत.

लोकप्रिय प्रतिमा व छापील चित्र

पॉप कला ज्या सामग्रीवर उभी राहिली ती सामग्री, म्हणजे छापील जाहिराती, दिनदर्शिका, चित्रपटांची भित्तिपत्रके व चित्रकथा, महाराष्ट्रात विपुल होती आणि तिच्यातील बराच भाग मुळात जलरंगात रंगविलेला होता. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांनी आनंदराव पेंटर यांच्यासह नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवून सुरुवात केली. पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या मूकपटांसाठी त्यांनी भित्तिपत्रकेही रंगविली. म. वि. धुरंधर (१८६७–१९४४) यांनी मुंबईच्या रस्त्यांवरील माणसांची जलरंगचित्रे केली आणि ती पोस्टकार्डांवर छापली जाऊन दूरवर पोहोचली.

सा. ल. हळदणकर (१८८२–१९६८) यांचे हातात समई घेतलेल्या स्त्रीचे चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. ते पूर्णतः पारदर्शक जलरंगात, १९४५–४६ च्या सुमारास केलेले असून त्यासाठी त्यांची कन्या उभी राहिली होती. या चित्राच्या प्रती इतक्या घरांत टांगल्या गेल्या की चित्रकाराचे नावच पुसले गेले व अनेक जण ते राजा रविवर्म्याचे समजू लागले. लोकप्रियतेचा हा मोबदला फारसा न्याय्य म्हणता येत नाही. दिव्याचा उजेड दाखविण्यासाठी हळदणकरांनी पांढरा रंग वापरलेला नाही. कागदाची शुभ्रताच त्यांनी राखून ठेवली आहे, हे जलरंग शिकणाऱ्याने जरूर पाहावे.

स्वातंत्र्याच्या आसपासच्या दोन-तीन दशकांत मराठी मध्यमवर्गाची दृश्य अभिरुची दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) व रघुवीर मुळगावकर (१९१८–१९७६) या दोन गोमंतकीय चित्रकारांनी घडविली. दलालांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ हा अंक सुरू केला. त्यांच्या मुखपृष्ठांत जलरंग व पोस्टर रंगांचे मोकळे फटकारे दिसतात. मुळगावकरांनी जलरंगाला रंगफवाऱ्याची जोड देऊन देवदेवतांना व सुंदर स्त्रियांना एक गुळगुळीत, तेजाळ कांती दिली. वाण्याच्या दुकानातील दिनदर्शिकेपासून देवघरापर्यंत त्या प्रतिमा गेल्या. समीक्षकांनी मुळगावकरांकडे बराच काळ दुर्लक्ष केले. आज मात्र लोकप्रिय प्रतिमांचा इतिहास त्यांना वगळून लिहिता येणार नाही. १९६७ मध्ये सुरू झालेल्या ‘अमर चित्र कथा’च्या चित्रकारांत राम वाईरकर व प्रताप मुळीक ही नावे अग्रभागी होती; वर उल्लेखिलेले मिलिंद मुळीक हे प्रताप मुळीकांचे पुत्र.

पॉप कलेत

पॉप कला १९५० च्या दशकात ब्रिटनमध्ये व त्यानंतर अमेरिकेत आकाराला आली. सिल्कस्क्रीन, ॲक्रिलिक व कोलाज ही तिची परिचित माध्यमे. यंत्राने छापल्यासारखे, हाताचा स्पर्श न जाणवणारे चित्र तिला हवे होते, आणि जलरंगात तर हाताचा प्रत्येक कंप उमटतो. तरीही तिच्या आरंभी जलरंग आहेच. अँडी वॉरहॉल १९५० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये जाहिरातींची चित्रे काढीत असे. तेव्हा तो शाईची रेघ टिपून घेत असे आणि त्यावर पाण्यात विरघळणारे चमकदार रंग भरीत असे. क्लेस ओल्डेनबर्गने शहरांच्या चौकांत उभारावयाच्या अजस्र वस्तूंचे आराखडे खडू व जलरंगात केले. भिंतीवर किंवा चौकात जे अवाढव्य व ठाम दिसते ते आधी कागदावर पातळ रंगात चाचपडलेले असते, हे यावरून दिसते.

भारतात भूपेन खख्खर (१९३४–२००३) यांनी १९६० च्या दशकात बाजारातील देवदेवतांच्या छापील चित्रांची कोलाजे करून पॉप कलेशी नाते जोडले. जलरंगही त्यांनी पुष्कळ वापरला. मुंबईचे अतुल दोडिया (जन्म १९५९) यांच्या कामात या लेखाचे दोन्ही धागे एकत्र येतात. १९९९ मध्ये त्यांनी महात्मा गांधींवर मोठ्या आकाराच्या जलरंगचित्रांची मालिका केली. पाठ्यपुस्तके, नोटा व सरकारी कार्यालयांतून वारंवार पाहून निर्जीव झालेली प्रतिमा तीत पाण्याच्या ओघळांतून पुन्हा कोवळी व जिवंत होते. त्यानंतर त्यांनी दुकानांचे लोखंडी शटर चित्रफलक म्हणून वापरले. शटर खाली असताना एक चित्र दिसते आणि वर केले की आतील दुसरे. शटरसाठी त्यांनी इनॅमल रंग वापरला, कारण लोखंडावर जलरंग धरत नाही. एकाच चित्रकाराने कागदासाठी एक व रस्त्याच्या वस्तूसाठी दुसरे माध्यम निवडावे, यातून माध्यमाची मर्यादा व्याख्येपेक्षा अधिक स्पष्ट होते.

वऱ्हाडातील भिंती

वऱ्हाडात पाण्यात कालवलेला रंग ऋतुचक्राशी बांधलेला आहे. जून ते सप्टेंबरच्या पावसात मातीच्या भिंतीचा पापुद्रा सुटतो. दसरा-दिवाळीच्या तोंडावर घर पांढऱ्या मातीने किंवा चुन्याने पोतारतात आणि दाराच्या कडेने व जोत्याला गेरूचा पट्टा ओढतात. नागपंचमीचे नाग, दारावरची स्वस्तिके, लग्नघरच्या भिंतीवरील वधूवरांची नावे हे सारे या पांढऱ्या-तांबड्या पार्श्वभूमीवर येते. रंग दर वर्षी नवा करावयाचा असल्याने तो टिकाऊ नसण्याची अडचण कोणाला जाणवत नाही.

श्रावण अमावास्येच्या पोळ्याला हीच कला चालत्या अंगावर उतरते. बैल धुऊन त्यांच्या पाठीवर गेरूचे ठिपके, पेल्याच्या काठाने उठविलेली वर्तुळे व हाताचे पंजे उमटवितात, शिंगे रंगवितात आणि तोरणाखाली मिरवितात. पाऊस अजून संपलेला नसतो. पुष्कळदा मिरवणुकीतच सर येते आणि पांढऱ्या बैलाच्या अंगावर तांबडे ओघळ उतरतात. पथकलेची पाठ्यपुस्तके क्षणभंगुरतेबद्दल जे सांगतात ते येथे कोणालाही शिकवावे लागत नाही.

या प्रदेशातील भिंतींवर सर्वाधिक रंगविली गेलेली व्यक्ती कोण, असे विचारले तर संत गाडगेबाबा (१८७६–१९५६) हे उत्तर बहुधा चुकणार नाही. डेबूजी झिंगराजी जानोरकर हे त्यांचे मूळ नाव. त्यांचा जन्म अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगावचा. हे अंजनगाव सुर्जी दौलतराव शिंदे व इंग्रज यांच्यातील ३० डिसेंबर १८०३ च्या तहामुळे इतिहासाच्या पुस्तकांत आहे आणि परिसरात पानमळे व पानपिंपळीसाठी ओळखले जाते. गाडगेबाबा दिवसा गाव झाडीत व रात्री कीर्तन करीत. महाराष्ट्र शासनाने २०००-०१ मध्ये त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले, तेव्हा गावोगावी भिंती स्वच्छ करून त्यांवर घोषवाक्ये, बाबांची दशसूत्री व त्यांचे चित्र रंगविण्याची लाट आली. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची प्रतिमा व ग्रामगीतेतील ओव्याही या भिंतींवर दिसतात.

बाबांचे चित्र गावच्या पेंटरला सोपे जाते. डोक्यावर खापर, विस्कटलेली दाढी, चिंध्यांचा अंगरखा, हातात खराटा: एवढ्या चार खुणा उमटल्या की चेहरा हुबेहूब नसला तरी ओळख पटते. चुन्याची पांढरी भिंत, काजळीची काळी रेघ आणि अंगरख्यावरील ठिगळांसाठी गेरू, पिवडी व नीळ यांचे चौकोन एवढी सामग्री पुरते. अत्यंत थोड्या रंगांत सर्वांना ओळखू येणारी व पुनःपुन्हा काढता येणारी प्रतिमा हे पॉप कलेचे लक्षण होय, आणि ते येथे कोणत्याही कलासिद्धान्ताशिवाय साधले आहे. गाडगेबाबांनी मूर्तिपूजेवर आयुष्यभर टीका केली, ही गोष्ट अशा भिंतीसमोर उभे राहिले की आठवल्यावाचून राहत नाही. भिंतीच्या पायथ्याशी कचरा साचलेला असेल तर अधिकच.

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांतील ‘बोलक्या भिंती’ हा याच कलेचा दुसरा विस्तार. मुळाक्षरे, पाढे, नकाशे, प्राणी व पक्षी यांनी भरलेल्या या भिंती बहुतेक ग्रामीण मुलांनी पाहिलेले पहिले मोठे चित्र असतात. सुरुवातीला त्या पाण्याच्या रंगांत केल्या जात. पुढे तैलरंग व इमल्शन आले. टिकाऊपणा वाढला, पण दर वर्षी नवे चित्र काढण्याचे निमित्तही गेले.

शहरांतील भित्तिचित्रे

मुंबईत २००९ च्या ऑगस्टमध्ये ‘द वॉल प्रोजेक्ट’ या उपक्रमात सेनापती बापट मार्गावरील, म्हणजे जुन्या तुळशी पाइप रस्त्यावरील, रेल्वेची लांबलचक भिंत नागरिकांनी रंगविली. २०१७ मध्ये ससून डॉक येथे स्टार्ट इंडिया या संस्थेचा मोठा कलाप्रकल्प झाला. संस्थेच्या संस्थापकांपैकी हनीफ कुरेशी (१९८२–२०२४) यांनी रस्त्यावरील पेंटरांची अक्षरे जमवून त्यांचे संगणकीय टंक बनविण्याचा ‘हँडपेंटेड टाइप’ हा प्रकल्पही केला होता. कुलाब्याच्या कॅफे मोंडेगारच्या भिंतींवरील मारियो मिरांडा (१९२६–२०११) यांची चित्रे कागदावरील रेखाटन भिंतीवर नेण्याचे चांगले उदाहरण आहेत. ती छताखाली असल्याने त्यांना पावसाचे भय नाही.

तंत्र

भिंतीचे काम कागदावरील जलरंगाच्या कच्च्या चित्रापासून सुरू होते. चित्र मोठे करण्यासाठी त्यावर चौकटी आखतात व त्याच प्रमाणात भिंतीवर खडूने किंवा रंगात बुडविलेला दोरा ताणून रेघा मारतात. एकच आकृती अनेक ठिकाणी काढावयाची असल्यास खाका करतात: जाड कागदावर रेघेच्या कडेने टाचणीने छिद्रे पाडून, कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी त्यावरून थोपटली की खाली ठिपक्यांची आकृती उमटते.

रंगांची निवड रसायनावर ठरते. चुन्याची निवळी हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू दगडासारखी घट्ट होते आणि मिसळलेले रंगद्रव्य धरून ठेवते. परंतु चुना अल्कधर्मी असल्याने त्यात प्रत्येक रंग तग धरत नाही. गेरू व पिवडी ही लोहयुक्त द्रव्ये चुन्यातही टिकतात आणि उन्हातही विटत नाहीत. कपड्यांची नीळ चुन्याला सहन होते. प्रशियन निळा मात्र नासतो. वनस्पतिजन्य व स्वस्त कृत्रिम लाल-गुलाबी रंग वऱ्हाडच्या उन्हाळ्यात, पारा ४५ अंशांपर्यंत चढत असताना, लवकर फिके पडतात. अशा हवेत ओला हात सलग ओढणेही कठीण, कारण रंग कडेने चटकन वाळून रेघ धरतो. म्हणून काम सकाळी लवकर, भिंत आधी पाण्याने भिजवून करावे.

खऱ्या जलरंगातील चित्रच रस्त्यावर लावावयाचे असेल तर ते कागदावर करून खळीने भिंतीस चिकटविणे हा एक मार्ग आहे. वरून पारदर्शक ॲक्रिलिक लेप दिल्यास ते काही महिने तग धरते. लेप ब्रशने न देता फवारून द्यावा, नाहीतर डिंक सुटून रंग पसरतो.

फ्लेक्स, कायदा व जतन

२००० नंतर संगणकावर छापलेले फ्लेक्सचे फलक तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचले आणि हाताने रंगविणाऱ्या पेंटरांचे काम झपाट्याने घटले. दुकानांच्या पाट्या, निवडणुकीचा प्रचार, वाढदिवस, श्रद्धांजली हे सर्व काही तासांत छापून मिळू लागले. अनेक पेंटरांनी व्यवसाय बदलला, काहींनी फ्लेक्सचे दुकान घातले. शासकीय योजनांच्या भिंती व शाळा एवढेच मोठे काम उरले. त्यातही मजकूर व चित्र वरून ठरून येते, पेंटरने फक्त उतरवावयाचे असते. एम. एफ. हुसेन (१९१५–२०११) यांच्यासारखा चित्रकार मुंबईत सिनेमाचे फलक रंगवून पुढे आला. तशी शिडी आता ग्रामीण मुलासाठी राहिलेली नाही. चुना व गेरू मातीत मिसळून जातात. फ्लेक्स तसा मिसळत नाही. तो फाटल्यावर गंजीवर व छपरावर आच्छादन म्हणून वर्षानुवर्षे राहतो.

सार्वजनिक जागी दिसणाऱ्या भिंतीवर विनापरवाना लिहिण्यास वा रंगविण्यास ‘महाराष्ट्र मालमत्ता विरूपणास प्रतिबंध अधिनियम, १९९५’ लागू होतो. परवानगीचा प्रश्न रंग किती दिवस टिकेल यावर अवलंबून नसतो, हे विद्यार्थ्यांच्या उपक्रमांनी विशेष लक्षात ठेवावे. खासगी भिंतीसाठी मालकाची संमती आणि स्थानिक संस्थेची परवानगी दोन्ही घ्यावीत.

पाण्याच्या रंगातील भिंतीचित्राचे जतन करणे जवळजवळ अशक्य असते. पुसट झालेल्या चित्रावर नवा चुना चढतो आणि जुन्यावर नवे चित्र येते. छायाचित्र हीच अशा चित्राची नोंद होय. छायाचित्रासोबत गाव, भिंत कोणाची, महिना-वर्ष, वापरलेले रंग व मुख्य म्हणजे पेंटरचे नाव लिहून ठेवावे. पेंटरने ते बहुधा चित्राच्या उजव्या कोपऱ्यात, खाली, बारीक अक्षरांत लिहिलेले असते, आणि भिंतीच्या पायथ्याशी उडणाऱ्या पावसाच्या शिंतोड्यांनी सर्वांत आधी जाते तेच.